दिला होता, सोडला नव्हता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य माननीय नागनाथरावजी, प्रमुख पाहुणे ॲडव्होकेट माणिकरावजी, व्यासपीठावर विराजमान झालेले संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी प्राध्यापक बंधू-भगिनी, कार्यालयातली आणि प्रयोगशाळेतली मंडळी, आणि परभणीचं एप्रिल महिन्याचं ऊन डोक्यावर घेऊन इथवर आलेले आजी-माजी विद्यार्थी मित्रहो,

आत्ता माझ्याविषयी जे बोललं गेलं ते मी खाली मान घालून ऐकलं. तिघा वक्त्यांनी मला मनमिळाऊ म्हटलं. मी त्यांचा आभारी आहे. निरोपाच्या दिवशी माणसाला चांगलंच म्हणायचं असतं, आणि त्याने ते खरं मानून घ्यायचं असतं, असा रिवाज आहे. पण गेल्या तीन वर्षांत मी या इमारतीत दिवसाकाठी किती वाक्यं बोललो, याचा हिशेब मी संख्याशास्त्राचा माणूस असल्यामुळे माझ्याकडं आहे. तास सोडले तर फार थोडी. ती का थोडी झाली, हे इथल्या नव्या मंडळींना ठाऊक नाही आणि जुन्यांना बोलायचं नाही. जाता जाता मीच सांगावं असं मनात आलं. अध्यक्षमहोदय, आपली परवानगी गृहीत धरतो.

मी मल्हारी दत्तराव शिंगाडे, पालमजवळच्या एका वाडीचा. वडील मेंढ्या राखायचे. माझं शिक्षण निजामाच्या अमलात उर्दूतून सुरू झालं. मराठी अक्षर हाताला वळण लागायच्या वयात भेटलंच नाही. पुढं शिकलो, गणित शिकलो, संख्याशास्त्र शिकलो, पण माझं मराठी अक्षर पाहून परीक्षक हसायचे. माझी पत्नी सुगंधा मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायची. तिचं अक्षर असं होतं, की शेजारच्या गावची मंडळी लग्नपत्रिकेचे मायने तिच्याकडून लिहून न्यायची. मुलांसाठी तिने पुठ्ठ्यांवर सगळी बाराखडी लिहिली होती. आम्हाला मूलबाळ नव्हतं. शहाऐंशीच्या श्रावणात ती गेली.

त्यानंतर सोमवार ते शनिवार बरे जायचे. रविवारचं काय करायचं, ते कळायचं नाही.

त्याच सुमारास आपल्या महाविद्यालयात पहिला कॉम्प्युटर आला. तेव्हाचे प्राचार्य आबासाहेब. मी त्यांच्याकडं गेलो आणि रविवारी खोली उघडून मिळेल का, विचारलं. आबासाहेबांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "मल्हारी, सहा दिवस मशीन पोरांचं. सातव्या दिवशी तुजं. जाताना पंखा बंद करत जा म्हंजे झालं."

त्या मशीनला मराठी येत नव्हतं. छापायचं तर इंग्रजीच छापायचं. मी ठरवलं, त्याला सुगंधाचं अक्षर शिकवायचं. आलेखाच्या कागदावर तिच्या पुठ्ठ्यावरचं एकेक अक्षर ठेवायचं, त्याचे ठिपके मोजायचे, ते मशीनला सांगायचे. एका 'क्ष'ला दोन रविवार गेले. तिचा 'ळ' खाली जरा जास्त वळायचा, तो मी तसाच ठेवला. दीड वर्षाचे रविवार आणि दोन मे महिन्यांच्या सुट्ट्या एवढा वेळ लागला. शेवटी एका सकाळी कागद सरसर बाहेर आला, त्यावर तिच्या अक्षरात 'कमळ' असं लिहिलेलं होतं. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला, पंखा बंद केला आणि घरी गेलो.

पुढं टायपिंग इन्स्टिट्यूटवाले, छापखानेवाले तो प्रोग्राम मागायला लागले. विकावा, असं मला कधी वाटलं नाही. पण नुसता वाटूनही टाकावासा वाटेना. परदेशात काही मंडळी आपले प्रोग्राम सगळ्यांना मोकळे करतात आणि सोबत अटींचं पान देतात, असं एका मासिकात वाचलं होतं. मीही तसं पान मराठीत लिहिलं. कोणीही वापरा, नकलून दुसऱ्याला द्या, हवी तशी सुधारणा करा. अटी तीनच. पडद्यावर पहिल्या पानाला दोन नावं येतात, अक्षरं सुगंधाबाईंची आणि प्रोग्राम मल्हारीचा, ती पुसू नका. सुधारून दुसऱ्याला द्याल तेव्हा आतली मूळ लिखावट, मशीनला दिलेल्या सूचनांची, तीही द्या, म्हणजे त्यालाही पुढं सुधारता येईल. आणि तुम्हाला मिळाली तीच मुभा त्यालाही द्या. जो अट मोडेल त्याची मुभा संपली. बस, एवढंच पान. प्रत्येक फ्लॉपीत ते असायचं.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये पालमला टायपिंग इन्स्टिट्यूट चालवणारा चंद्रभान माझ्या घरी आला. माझा जुना विद्यार्थी. दारातच उभा राहिला, आत यायला तयार नाही.

"सर, हे कागद वाचा. मला चोर म्हनायलेत."

"कशाचा चोर?"

"तुमी दिलेल्या प्रोग्रामचा. एक कंपनी हाय, तिच्या वकिलाची नोटीस आली. म्हनतेत, हा प्रोग्राम आमचा हाय, पंधरा दिसात पुसून टाका, न्हाई तर फौजदारी करूत. तुमीच दिल्ता न सर? का माझ्याच समजन्यात काही घोटाळा झाला?"

कंपनी मोठ्या शहरातली होती. कज्जा संपला आहे, तेव्हा नाव घेत नाही. तिने तोच प्रोग्राम चकचकीत पाकिटात घालून विकायला काढला होता. चंद्रभानने ओळखीच्या छापखान्यातून तोही आणला होता. आम्ही तो लावून पाहिला. पहिल्या पानावरची दोन्ही नावं गेली होती. तिथं कंपनीचं नाव आणि खाली ताकीद, नक्कल करणं गुन्हा आहे. मी 'ळ' दाबला. तो खाली जरा जास्त वळला.

मित्रहो, खरं सांगतो, माझं नाव गेलं त्याचं मला तितकं वाटलं नसतं. पण चंद्रभान दारात उभा होता, आणि त्याला माझ्यावर विश्वास ठेवल्याची लाज वाटत होती. ते मला सहन झालं नाही.

माणिकरावजी, आपण इथं आहात म्हणून थोडं जपून बोलतो. चूक झाली तर आपण उठून दुरुस्त करावी. मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, मी बोरीचा माणूस. बांधाचे दावे लढवतो. हे प्रकरण मला नवीन आहे. पण वाचतो." त्यांनी कॉपीराइट कायद्याचं पुस्तक औरंगाबादहून मागवलं आणि महिनाभर वाचलं. लेखक जिथं राहतो त्याच जिल्ह्याच्या कोर्टात दावा लावता येतो, हे त्यांनी शोधून काढलं, म्हणून मला शहराच्या चकरा पडल्या नाहीत. पहिल्याच तारखेला न्यायाधीशसाहेबांनी फ्लॉपी हातात धरली आणि विचारलं, "वकीलसाहेब, हे साहित्य आहे?" माणिकराव म्हणाले, "हुजूर, चौऱ्याऐंशी सालच्या दुरुस्तीपासून कायदा याला साहित्यकृतीच म्हणतो." मला उगीचच आनंद झाला. सुगंधाचं लिहिणं कायद्याने साहित्य ठरलं होतं.

कंपनीने आधी सगळं नाकारलं. 'ळ' दाखवल्यावर कबूल केलं, पण तिथून खरी लढाई सुरू झाली. त्यांच्या वकिलांनी मला उलटतपासणीत घेतलं.

"आपण हा प्रोग्राम फुकट वाटलात?"

"हो."

"कोणालाही?"

"मागेल त्याला."

"म्हणजे आपण त्याच्यावरचा हक्क सोडून दिलात."

"दिला. सोडला नाही."

ते हसले, कोर्टातलेही काही हसले. मग माणिकराव उठले. लेखकाला हक्क सोडायचाच असेल तर त्याची रीत कायद्याने ठरवून दिली आहे, म्हणाले, कॉपीराइटच्या निबंधकाकडं रीतसर नोटीस द्यावी लागते. यांनी ती कधी दिली? आणि मग ते कायद्याच्या पुस्तकातून एकदम शेतात आले. "हुजूर, आमच्या शेतात दरसाल यांच्यासारख्या मंडळींच्या मेंढ्या बसायच्या. चार मुक्काम करायच्या, खत आम्हाला मिळायचं. म्हणून मेंढ्या आमच्या झाल्या का? पाचव्या दिवशी आम्ही त्यांच्या कानावरची खूण पुसून त्या बाजारात नेल्या असत्या, तर हुजूर आम्हाला काय म्हणाले असते?" ते ऐकताना मला माझे वडील आठवले. त्यांचा सगळा व्यवहार तोंडी असायचा, आणि कधी कोर्टात गेला नाही.

तेव्हा कंपनीने दुसरी बाजू धरली. परवाना लेखी असावा, त्यावर मालकाची सही असावी, असं कलम आहे. फ्लॉपीतल्या पानावर सही कुठं आहे? सही नाही, म्हणून हे पानच कायद्याने निरर्थक, आणि त्यातल्या अटीही निरर्थक. मला वाटलं, आपण हरलो. फ्लॉपीवर सही कशी करणार? माणिकराव मात्र शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. पान खरं असेल, तर यांनी अटी मोडल्या. पान खोटं असेल, तर यांना मुभा कधी मिळालीच नाही. दोन्हीतलं कोणतंही एक यांनी निवडावं." न्यायाधीशसाहेब कंपनीच्या वकिलांकडं वळले. "सांगा, आपल्या अशिलाकडं परवानगी कुठली?" त्यांनी पुढची तारीख मागितली.

आणि पुढच्या तारखेला त्यांनी जे काढलं, ते मात्र वर्मी लागणारं होतं. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा असतो. कॉम्प्युटर महाविद्यालयाचा, मी महाविद्यालयाचा नोकर. प्रोग्राम माझा नव्हताच, तर वाटण्याचा मला अधिकार काय? ते टिकलं असतं तर माझं पान गेलं असतं, आणि चंद्रभानसह सगळे चोर ठरले असते. आता हे सिद्ध करायचं होतं, की मी ते काम नोकरी म्हणून केलं नाही.

कंपनीच्या वकिलांनी मला विचारलं, "रविवारी कॉलेज बंद असतं. आपण तिथं काय करत होता?"

"अक्षरं करत होतो."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग सुट्टीच्या दिवशी माणूस घर सोडून बंद कॉलेजात कशाला जाईल?"

मी म्हणालो, "घरी कोणी नव्हतं."

टाइप करणाऱ्या बाई थांबल्या. न्यायाधीशसाहेब त्यांना म्हणाले, "लिहून घ्या." आणि ते कोर्टाच्या कागदावर उमटलं. मित्रहो, ते वाक्य मी त्याआधी कुणापाशीही बोललो नव्हतो. माझ्या भावापाशीही नाही. पहिल्यांदा बोललो ते विरुद्ध बाजूच्या वकिलापाशी, शपथेवर.

पण माझ्या एकट्याच्या बोलण्यावर भागणार नव्हतं, साक्षीदार हवा होता. तेव्हा कॉलेजच्या सूचनाफलकावर परिपत्रक लागलं, की कोणाही कर्मचाऱ्याने सदर दाव्यात पूर्वपरवानगीशिवाय साक्ष देऊ नये. अध्यक्षमहोदय, मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. संस्थेला कज्ज्यात ओढलं जाऊ नये ही आपली जबाबदारी होती, आणि आपल्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला ठाऊक नाही. मी फलकापुढं बराच वेळ उभा राहिलो, ते वेगळ्या कारणासाठी. परिपत्रक आपल्याच कॉम्प्युटरवर छापलेलं होतं, म्हणजे सुगंधाच्या अक्षरात. माणिकरावांनी मला विचारलं, कॉलेजला वापर बंद करायची नोटीस द्यायची का? मी कार्यालयात जाऊन पाहून आलो. पहिल्या पानावर दोन्ही नावं जागेवर होती. अट मोडली नव्हती. मग वापरू द्या, म्हटलं. मुभा सगळ्यांना दिली होती. जे माझ्या बाजूने उभे राहतील त्यांनाच, असं मी लिहिलं नव्हतं.

आबासाहेब तोवर निवृत्त होऊन चुडाव्याला राहत होते. पोस्टकार्ड टाकलं. साक्षीच्या दिवशी ते पॅसेंजरने आले, धाप लागलेली, हातात काठी. पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी फार थोडं सांगितलं. "मशीन कालेजचं. किल्ली मी दिली. काम ह्याचं. ह्याला मी असं काम सांगितलं न्हवतं, आन् सांगितलं असतं तर यानं केलं नसतं." परत जाताना स्टेशनवर मला म्हणाले, "मल्हारी, माणूस एवढा एकटा पडला, अन् आमाला पत्ताच न्हाई." निकाल ऐकायला ते राहिले नाहीत. दोन महिन्यांनी गेले.

निकाल त्र्याण्णवच्या डिसेंबरात लागला. पान खरं ठरलं. न्यायालयाने लिहिलं, की मालक फुकट देऊ शकतो आणि फुकट देतानाही अट घालू शकतो. अट मोडणाऱ्याची मुभा संपते, आणि उरते ती नुसती चोरी. कंपनीने नावं परत घालावीत, मूळ लिखावट खुली करावी, कोणालाही नोटिसा पाठवू नयेत. जिल्हा न्यायालयाचा निकाल तो, त्याची मजल केवढी, हे माणिकराव सांगतील. कंपनी वर गेली नाही, एवढं खरं. निकालपत्रात एक वाक्य आहे. वादी सुट्टीच्या दिवशी महाविद्यालयात जात असे, कारण त्याच्या घरी कोणी नव्हते, ही गोष्ट न्यायालय विश्वासार्ह मानते. त्याखाली शिक्का आहे.

जिंकल्यावर माणूस काय करतो? कुणाला तरी सांगतो. मी निकालाची नक्कल घेऊन घरी आलो, कुलूप काढलं, पुन्हा लावलं. एसटी स्टँडवर गेलो आणि पालमची गाडी धरली. चंद्रभानच्या इन्स्टिट्यूटला कुलूप होतं. सोयरिकीसाठी बाहेरगावी गेला होता. मी पायरीवर थोडा वेळ बसलो आणि त्याच गाडीने परत फिरलो. त्याला पोस्टकार्डाने कळवलं.

पुढच्याच महिन्यात आपल्या विद्यापीठाच्या नावाचा विस्तार झाला. मी इथं रुजू झालो अठ्ठ्याहत्तर साली, त्याच साली तो प्रश्न पेटला होता. गावोगावी काय जळालं, ते या सभागृहातल्या काहींनी स्वतः भोगलेलं आहे. त्यापुढं माझ्या फ्लॉपीवरच्या दोन ओळी म्हणजे काहीच नाहीत, आणि मी तुलना करत नाही. पण एका नावासाठी माणसं सोळा वर्षं का झगडतात, हे आता मला कुणी समजावून सांगायला नको.

आता एकच गोष्ट राहिली. सांगू की नको, असं चालू होतं.

भौतिकशास्त्राचे रंगनाथराव तिसऱ्या रांगेत बसले आहेत. बारा वर्षं आम्ही अकरा वाजताचा चहा एकत्र घेतला. रविवारी मी कुठं असतो हे परभणीत फाटकावरचे शिपाई आणि आबासाहेब सोडले तर त्यांनाच ठाऊक होतं. दोनदा ते डबा घेऊन आले होते. माझ्या बाजूने साक्ष द्यायला त्यांच्याइतका जवळचा माणूस नव्हता. पण त्यांचा मुलगा नुकताच त्या कंपनीत नोकरीला लागला होता. मला ते माहीत होतं. त्यांना कसं विचारावं, हे मला सुचेना. मी माणिकरावांना त्यांचं नाव दिलं, कोर्टाने समन्स काढलं. कोर्टाचा बेलीफ नेमका त्यांच्या तासाला आला आणि साठ मुलांपुढं त्यांना कागद दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरचा दाखला दिला, आणि आम्ही त्यांचं नाव साक्षीदारांच्या यादीतून काढलं. त्या दिवसापासून त्यांचा चहा प्रयोगशाळेत जायला लागला. मी तीन वर्षं असं समजत आलो, की रंगनाथने माझी साथ सोडली.

गेल्या रविवारी ते घरी आले. मी सामान बांधत होतो. ते पेटीवर बसले आणि म्हणाले, "जातोस खरंच?"

मी म्हणालो, "तिकडं वाडीला भाऊ आहे. इथं कोण आहे?"

त्यांनी बांधलेल्या सामानाकडं पाहिलं. मग म्हणाले, "मल्हारी, तू एकदा घरी येऊन विचारलं असतंस, तर मी आलो असतो. पोराची नोकरी गेली असती तरी आलो असतो. तू बेलीफ पाठवलास."

मी आत गेलो. चहा ठेवला, आम्ही तो प्यालो, ते गेले. त्यानंतर गेला आठवडाभर मी हाच विचार करतो आहे. माझ्या घरापासून त्यांचं घर चालत सात मिनिटांवर आहे. परक्या माणसांना चार ओळींत मुभा देता आली. मित्राला चार शब्दांत विचारता आलं नाही.

असो. वेळ बराच घेतला. संस्थेने नोकरी दिली, विद्यार्थ्यांनी आदर दिला, शिपाई मंडळींनी प्रत्येक रविवारी फाटक उघडलं, माणिकरावांनी बांध सोडून माझ्यासाठी नवा कायदा वाचला, अध्यक्षमहोदयांनी आज मला मोकळेपणाने बोलू दिलं. या सगळ्यांचे मी मनापासून आभार मानतो. शाल आणि श्रीफळ स्वीकारतो.

भाषणात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. सभागृहाला मी तसं म्हणतो. आणि रंगनाथराव, तुम्हाला वेगळं म्हणतो. मी यायला हवं होतं. माझं चुकलं. हे कागदावर लिहून आणलेलं नाही.